तंतु, बंधक आणि माती : जवसादि वनस्पतितंतूंच्या संमिश्र द्रव्यांचा इतिहास

जवस, भांग, ताग इत्यादि वनस्पतींचे तंतु राळेंत बसवून त्यांचे पत्रे व साचे करण्याचा उद्योग युरोपांत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुष्कळ वाढला आहे. मोटारींच्या दारांचे आंतील पत्रे, बसण्याचीं आसनें, खेळाचें सामान अशा कित्येक वस्तूंत कांचतंतूच्या जागीं हे तंतु येत आहेत. आणि वस्तु निकामी झाल्यावर तिची माती होऊन जावी, असा त्यामागील हेतु सांगण्यांत येतो. या विषयावर जें लिहिलें जातें त्यांत दोन विधानें वारंवार आढळतात. एक असें कीं, ही युक्ति विसाव्या शतकांतील आहे; दुसरें असें कीं, तंतु वनस्पतीचा असला म्हणजे वस्तु आपोआप कुजून जाणारी होते. हीं दोन्ही विधानें इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहींत, असें आमचें मत आहे. पहिल्याचें खंडन सोपें आहे. दुसरें अर्धें खरें असल्यामुळें अधिक फसवें आहे, व त्याचा निकाल लावण्यास लागणारा पुरावा आपल्याच महाराष्ट्रांतील लेण्यांत आणि दप्तरांत पडलेला आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करूं. संमिश्र द्रव्य म्हणजे दोन पदार्थांचें केवळ मिश्रण नव्हे. एक पदार्थ तंतुरूप असून ताण सोसतो, दुसरा त्यास चोहोंकडून धरून ठेवतो व दाब सोसतो. आणि दोघे मिळून असें काम करतात कीं, तें एकट्याच्यानें होत नाहीं. या दुसऱ्यास आम्ही येथें बंधक म्हणूं. कोंकणांतील कारवीचा कुड हें याचें घरगुती उदाहरण होय. नुसती माती वाळतांना आकसते व तडकते; तींत भाताचा पेंढा किंवा तूस कालवलें म्हणजे तडा जेथें सुरू होईल तेथेंच काडी त्यास अडविते. देशावर पांढऱ्या मातीच्या भिंतींत घोड्याची लीद घालीत, ती याच कारणासाठीं. लिदींत अर्धवट पचलेल्या गवताचे बारीक तंतु असतात. ज्या गवंड्यानें हें केलें त्यास ताण आणि दाब हे शब्द ठाऊक नसतील, पण गोष्ट ठाऊक होती.

आतां तंतूंकडे वळूं. जवसाचें संस्कृत नांव अतसी. उमा व क्षुमा हीं त्याचीं आणखी नांवें. क्षुमेपासून झालेलें तें क्षौम. पाणिनीनें शेतांचीं नांवें साधतांना तीळ व उडीद यांच्या जोडीस उमा आणि भंगा यांचा उल्लेख केला आहे. जवसाचें शेत तें उम्य किंवा औमीन, भांगेचें तें भंग्य किंवा भांगीन. हीं पिकें शेतांत स्वतंत्र पेरलीं जात होतीं, असें यावरून ठरतें. कौटिल्यानें सूत्राध्यक्षाच्या प्रकरणांत कांतावयाच्या मालांत शण आणि क्षौम यांची गणना केली आहे. बौद्धांच्या विनयपिटकांत भिक्षूंस सहा प्रकारच्या वस्त्रांची चीवरें चालतात असें सांगितलें असून, त्या सहांत खोम, साण आणि भंग हीं तिन्ही आहेत. पुढें लेण्यांच्या गिलाव्याचा विचार करावयाचा असल्यानें ही यादी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. जे भिक्षु भांगेच्या सालीचें वस्त्र अंगावर घेत, त्यांच्या विहारांच्या भिंतींतहि तोच तंतु मिळावा, यांत अचंबा वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

शब्दांचा एक घोटाळा मात्र येथेंच निस्तरला पाहिजे. क्षौम आणि दुकूल हे शब्द कोशकारांनीं एकत्र आणल्यामुळें पुढें पुष्कळांनीं क्षौम म्हणजे रेशीम असा अर्थ केला. मराठी भाषांतरांतहि तो शिरला आहे. दुसरा घोटाळा इंग्रजी अमदानींतला. इंग्रज अधिकारी दोर वळण्याजोग्या कोणत्याहि वाखास 'हेम्प' म्हणत. ताग तो 'सन हेम्प', अंबाडी ती 'डेक्कन हेम्प', घायपात तो 'सिसाल हेम्प'. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या यांपैकीं एकहि खरें हेम्प, म्हणजे भांग, नव्हे. भर म्हणून बंगाल्यांतील ज्यूटलाहि आपल्याकडे तागच म्हणूं लागले. यामुळें जुन्या इंग्रजी अहवालांत एखाद्या गिलाव्यांत किंवा कागदांत 'हेम्प' असल्याचें लिहिलेलें आढळलें, तर तेवढ्यावरून भांगेचा तंतु ठरत नाहीं. तेथें शब्दाचा पुरावा संपतो व सूक्ष्मदर्शकाचा सुरू होतो.

असा सूक्ष्मदर्शकाचा पुरावा वेरूळच्या बाबतींत मिळाला आहे. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या विज्ञान शाखेंत काम केलेले मॅनेजर राजदेव सिंह आणि मराठवाडा विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक मिलिंद सरदेसाई यांनीं इ.स. २०१६ मध्यें 'करंट सायन्स' या नियतकालिकांत आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. वेरूळ येथील मातीच्या गिलाव्याचे नमुने घेऊन त्यांतील वनस्पतींचे अंश त्यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं व अवरक्त किरणांच्या साह्यानें तपासले, ताज्या भांगेच्या नमुन्यांशीं ताडून पाहिले, आणि गिलाव्यांत भांग मिसळलेली होती असा निर्णय दिला. अजिंठ्याच्या गिलाव्यांत मात्र भांग नाहीं; तेथें तूस, गवत व इतर वनस्पतींचे अंश आहेत. अजिंठ्याच्या चित्रांचा निदान चतुर्थांश भाग किड्यांनीं नासविला, व वेरूळास कीड लागलेली दिसत नाहीं, याचें कारण या संशोधकांच्या मतें भांग हें होय.

या निर्णयाचे दोन भाग आहेत व ते वेगळे ठेवणें जरूर आहे. वेरूळच्या गिलाव्यांत भांग आहे, हा पहिला भाग प्रत्यक्ष तपासणीवर उभा आहे व आम्हांस तो पूर्णपणें मान्य आहे. भांगेमुळें गिलावा टिकला, हा दुसरा भाग अनुमान आहे. अनुमान सयुक्तिक आहे, परंतु त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. अजिंठ्याचीं लेणीं वाघूर नदीच्या वळणांत, खोल दरींत आहेत. तेथील ओल, खडकांतून झिरपणारें पाणी आणि वटवाघळें यांचा उपद्रव लहान नव्हे. शिवाय अजिंठ्याच्या नवव्या व दहाव्या लेण्यांतील कांहीं चित्रें इ.स. पूर्वीच्या शतकांतलीं आहेत. म्हणजे भांगेवांचून केलेला गिलावाहि दोन हजार वर्षें, तुकड्यातुकड्यांनीं कां होईना, टिकला. तेव्हां कीड आवरण्यापुरतें श्रेय भांगेस द्यावें. बाकीचें श्रेय कोरड्या दगडी छतास आणि कारागिराच्या हातास द्यावें, हें बरें.

आमच्या प्रस्तुत विषयास याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. अजिंठ्याचा गिलावा आणि वेरूळचा गिलावा या दोहोंत बंधक एकच, माती. ही माती पाण्यांत टाकली तर घटकाभरांत विरघळेल; तिच्यांतील तूस उकिरड्यावर टाकलें तर एका पावसाळ्यांत कुजेल. आजच्या परिभाषेंत बोलावयाचें तर हें द्रव्य पूर्णपणें जैवविघटनशील आहे. तरीहि तें हजार, दोन हजार वर्षें उभें राहिलें. यावरून असें निष्पन्न होतें कीं, कुजणें हा वस्तूचा अंगभूत गुण नाहीं. ओल, हवा, ऊब आणि खाणारा जीव हीं चारहि एकत्र आलीं तर ती कुजते. यांपैकीं एक काढून घेतलें कीं टिकते.

अजिंठ्याची गोष्ट येथें थोडी पुढें सांगितली पाहिजे, कारण तींत बंधकाविषयींचा एक धडा आहे. निझाम सरकारनें इ.स. १९२० ते १९२२ च्या सुमारास लॉरेन्झो चेक्कोनी व काउंट ऑर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांस बोलावून सुटत चाललेला गिलावा पक्का करून घेतला. त्यांनीं चित्रांवर लाखेचा लेप दिला. त्या वेळीं त्यानें रंग उजळले. पुढें लेपच पिवळा पडला, त्यावर धूळ बसली, व तो काढण्याचें कष्टाचें काम पुरातत्त्व खात्यास करावें लागलें. मूळ तंतु व मूळ माती यांनीं दगा दिला नाहीं. मागाहून आलेल्या बंधकानें दिला.

वेरूळपासून कांहीं मैलांवर, दौलताबाद व खुलताबाद यांच्या दरम्यान, कागजीपुरा आहे. तेथील दौलताबादी कागद आणि तिकडे जुन्नरी कागद हे आपल्या मंडळींच्या नित्य हाताळण्यांतले. परंतु कागद हें संमिश्र द्रव्य आहे, या दृष्टीनें त्याकडे फारसें पाहिलें जात नाहीं. जुनीं गोणपाटें, दोरखंडें, चिंध्या यांचा वाख चुन्याच्या पाण्यांत भिजवून, कुटून, त्याचा लगदा पाण्यांत सोडीत. साच्यानें तो उचलून थर वाळवीत. मग त्यावर खळ देऊन गुळगुळीत दगडानें घोटीत. वाख हा तंतु, खळ हा बंधक. खळ नसेल तर शाई पसरते व पृष्ठभाग उसवतो. आतां ज्यांनीं रुमाल सोडले आहेत त्यांस माहीत आहे कीं, कसर प्रथम पानाचा पृष्ठभाग खरवडते. अक्षरांखालचा कागद पातळ होत जातो, पण तंतूंचें जाळें पुष्कळ काळ शाबूत राहतें. कसर येते ती खळीसाठीं. वाळवीची गोष्ट वेगळी. ती तंतूसकट सर्व फस्त करते. दप्तर राखणाऱ्यास हा भेद कळणें केवळ जिज्ञासेचें नाहीं. कोणत्या शत्रूस कोणता भाग हवा आहे, हें समजल्यावांचून बंदोबस्त करतां येत नाहीं.

याच वर्गांत सावंतवाडीचा गंजिफा येतो. कागदाच्या थरांवर चिंचोक्याच्या खळीचा लेप, त्यावर रंग, त्यावर लाख. ओरिसांत कागदाऐवजीं कापडाचे थर घेतात. बोटांनीं वर्षानुवर्षें पिसतां येईल इतकें कणखर पान यापासून होतें, व त्यांत खनिज रंग वगळले तर एकहि पदार्थ असा नाहीं कीं जो मातींत गेल्यावर माती होणार नाहीं. हा उद्योग बुडतां बुडतां सावंतवाडीच्या भोसले घराण्यानें वाचविला, हें सर्वश्रुत आहे.

भारताबाहेर जवसाच्या तंतूचें राज्य फार जुनें. मिसर देशांत इ.स. पूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकाच्या अखेरीपासून प्रेतांचे मुखवटे व पेट्या करतांना जवसाच्या कापडाचे थर सरस आणि खडू यांच्या लगद्यांत बसवीत. ओलें असतांना हवा तो आकार द्यावा, वाळल्यावर तो कायम राहावा. आजच्या कारखान्यांतील साच्याची रीत तत्त्वतः हीच आहे. टॉलेमींच्या काळांत कापडाच्या जागीं टाकाऊ पपायरसाचे कागद वापरूं लागले, आणि संशोधकांस त्या मुखवट्यांच्या थरांतून जुने हिशेब व पत्रें हातीं आलीं. इतिहासावर असा उपकार फारच थोड्या उद्योगांनीं केला असेल.

ग्रीकांच्या तागडी चिलखताविषयीं मात्र सावधपणें बोललें पाहिजे. तागडी हा शब्द आम्ही येथें लिनन या अर्थीं वापरतों. अमासिस राजानें पाठविलेल्या एका लिनन उरस्त्राणाचें वर्णन हिरोडोटसनें केलें आहे. त्याच्या प्रत्येक दोऱ्यांत ३६० पदर होते व त्यावर सोन्याची आणि झाडावरच्या लोकरीची, म्हणजे कापसाची, नक्षी होती असें तो सांगतो. हें चिलखत कापडाचे थर सरसानें चिकटवून करीत, असा तर्क अर्वाचीन काळांत निघाला. अमेरिकेंतील ग्रेगरी अल्ड्रेट यांनीं तसें चिलखत करून त्यावर बाण सोडून पाहिले व इ.स. २०१३ मध्यें त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बाण अडतो, हें त्यांनीं सिद्ध केलें. परंतु असें करतां येतें आणि असें करीत असत, या दोन विधानांत अंतर आहे. प्राचीन ग्रंथकार लिननचा उल्लेख करतात, सरसाचा करीत नाहींत. थर शिवूनहि चिलखत होतें. यास्तव हें उदाहरण आम्ही पुराव्यांत धरीत नाहीं.

आतां एका अशा द्रव्याकडे वळूं कीं, ज्यांत आपल्या जवसाचा प्रत्यक्ष संबंध येतो. जवसाचीं दोन कुळें आहेत. तंतूचा जवस उंच, सरळ, दाट पेरलेला असतो, व बीं पुरतें पिकण्यापूर्वीच तो मुळासकट उपटतात. तेलाचा जवस ठेंगणा, फांद्यांचा, व बीं पिकेपर्यंत उभा ठेवलेला. विदर्भांत व मध्य हिंदुस्थानांत होतो तो दुसरा. त्याचें तेल निघतें, चटणी होते, आणि काडी राहते ती आंखूड व लाकडी. कंपनी सरकारच्या काळापासून इंग्रजांनीं हिंदुस्थानांतून दोरासाठीं व कापडासाठीं तंतु मिळविण्याच्या खटपटी केल्या. कलकत्त्याच्या बागेंत रॉक्सबर्गनें देशी वाखांचे दोर तोलून पाहिले. जॉन फोर्ब्स रॉइल यानें इ.स. १८५५ मध्यें हिंदुस्थानांतील तंतुवनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. ग्रंथाचा काळ बोलका आहे. क्रिमियाचें युद्ध चालू होतें आणि रशियाचा जवस व भांग इंग्लंडास मिळेनासे झाले होते. त्या संधीचा लाभ झाला तो बंगालच्या ज्यूटास व स्कॉटलंडांतील डंडी शहरास; देशी जवसाचा तंतु कांहीं पुढें आला नाहीं.

परंतु तंतु नाहीं तरी तेल गेलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई बंदरांतून जवसाच्या बियांची निर्यात फार मोठी होती. 'बॉम्बे लिनसीड' हें विलायतेच्या बाजारांतलें प्रतिष्ठित नांव होतें. त्याच काळांत फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजानें असें पाहिलें कीं, जवसाचें तेल हवेंत ठेवलें म्हणजे त्यावर चिवट साय धरते. रंगाच्या डब्यावर ही साय प्रत्येक रंगाऱ्यानें पाहिलेली असते. वॉल्टननें तीपासून धंदा काढला. तेल मुद्दाम घट्ट करून त्यांत राळ, बुचाचा भुगा व लाकडाचा भुसा मिसळून तें मिश्रण ज्यूटाच्या गोणपाटावर दाबलें, व जमिनीवर अंथरण्याचें लिनोलियम तयार झालें. इ.स. १८६३ मध्यें त्यानें एकस्व घेतलें व १८६४ मध्यें लंडनजवळ स्टेन्स येथें कारखाना काढला. लिनम म्हणजे जवस, ओलियम म्हणजे तेल, असें नांव. आमच्या मतें अर्वाचीन जैवविघटनशील संमिश्र द्रव्यांत पहिला मान यास दिला पाहिजे; कारण यांत तंतु तर वनस्पतीचा आहेच, पण बंधकहि वनस्पतीचा आहे. तंतूचा विचार करणाऱ्या इतिहासकारांनीं लिनोलियमास गाळावें, हें त्यांची दृष्टि एकाच अंगावर खिळल्याचें लक्षण होय. दुसऱ्या महायुद्धानंतर पीव्हीसीच्या पत्र्यांनीं त्यास मागें सारलें, तरी तें अजून होतें व विकलें जातें.

विसाव्या शतकाचा आरंभ एका नव्या बंधकानें झाला. लिओ बेकलंड यानें इ.स. १९०७ मध्यें फिनॉल व फॉर्मल्डिहाइड यांपासून बेकलाइट केलें. एकदां तापवून घट्ट झालेली ही राळ पुन्हां वितळत नाहीं, पाण्यांत विरघळत नाहीं व जंतूंस सहजासहजीं पचत नाहीं. नुसती ती ठिसूळ. म्हणून तींत लाकडाचा भुसा किंवा कापडाचे थर घालीत. म्हणजे ज्यास जग पहिलें प्लॅस्टिक म्हणतें, तेंहि व्यवहारांत वनस्पतितंतूच्या टेंकूवरच उभें राहिलें.

या बंधकास जवसाची जोड देण्याचा सर्वांत धीट प्रयोग केंब्रिजच्या नॉर्मन डी ब्रॉयन यानें केला. हा मूळचा पदार्थवैज्ञानिक, ट्रिनिटी कॉलेजचा फेलो; विमानांच्या नादानें त्यानें डक्सफर्ड येथें 'एरो रिसर्च' ही संस्था उभारली. पहिल्या महायुद्धांतील विमानांचे पंख आयर्लंडच्या लिननवर लेप देऊन मढविलेले असत. परंतु तेथें कापडाचें काम सांगाड्यावर चामड्याप्रमाणें ताणून बसण्याचें होतें. डी ब्रॉयननें सांगाडाच तंतूचा करावयाचें ठरविलें. जवसाचे न पिळलेले तंतु एकाच दिशेनें मांडून, फिनॉलच्या राळेंत भिजवून, तापत्या दाबाखालीं त्यानें त्यांची लादी केली, व तिला 'गॉर्डन एरोलाइट' नांव दिलें. पीळ काढण्यांत खरी मख्खी आहे. सूत पिळलें म्हणजे तंतु तिरपे होतात व ताणाचा भार त्यांच्या लांबीवर सरळ पडत नाहीं. कापड विणण्यास पीळ आवश्यक, पण तुळईस तो बाधक. ही लादी वजनाच्या मानानें ड्युराल्युमिन धातूच्या पंक्तीस बसेल इतकी बळकट निघाली; ताठपणांत मात्र कमी पडली.

दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर अॅल्युमिनियमचा तुटवडा पडेल अशी धास्ती ब्रिटिश सरकारास वाटली, आणि इ.स. १९४०-४१ मध्यें या जवसाच्या लादीचा स्पिटफायर विमानाचा एक सांगाडा प्रयोगादाखल तयार करण्यांत आला. तुटवडा अपेक्षेइतका पडला नाहीं. सांगाडा आकाशांत गेला नाहीं. यांत एक विनोद आहे तोहि नमूद करावासा वाटतो. ज्या धातूची उणीव भरून काढण्यास हा तंतु पुढें आणला, त्या तंतूचाच मोठा पुरवठा बेल्जम व बाल्टिक किनारा येथून होत असे, आणि ते मुलुख शत्रूच्या हातीं गेले होते. ब्रिटनला आपल्या शेतांतून जवस वाढविण्याची मोहीम काढावी लागली. कुजण्याचा विचार मात्र या सर्व खटपटींत कोणाच्याहि मनांत नव्हता. उलट विमान कुजूं नये, याचीच काळजी होती.

त्याच सुमारास अमेरिकेंत हेन्री फोर्डनें एक मोटार दाखविली. ऑगस्ट १९४१ मध्यें डिअरबॉर्न येथें ती लोकांपुढें आणली. नळ्यांच्या पोलादी सांगाड्यावर प्लॅस्टिकचे चौदा पत्रे बसविले होते. आज ही 'भांगेची मोटार' म्हणून जिकडे तिकडे वर्णिली जाते. या वर्णनाचा उगम तत्कालीन वृत्तपत्रांत आहे; त्यांत गहू, भांग, जवस, रॅमी अशी लांबलचक यादी आली होती. परंतु पत्र्यांचा मूळ पाठ कोठेंहि लिहून ठेवलेला नाहीं. आणि मोटार घडविण्याचें काम ज्याच्याकडे होतें त्या लॉवेल ओव्हरलीच्या आठवणीप्रमाणें ते सोयाबीनचा तंतु फिनॉलच्या राळेंत बसवून केलेले होते. फोर्ड कुऱ्हाडीनें घाव घालीत आहे असें जें छायाचित्र सर्वत्र दाखवितात, तें तर या मोटारीचें नव्हेच. तें त्यापूर्वी त्याच्या स्वतःच्या मोटारीस बसविलेल्या मागील झांकणाचें आहे. वृत्तपत्राची यादी आणि कारागिराची आठवण यांत विरोध आला असतां कारागिराकडे झुकावें, हा आमचा नियम. मोटार मोडून टाकली गेली. तींत भांग असो वा नसो, बंधक फिनॉलचा होता, एवढें पुरे.

फोर्डचें स्वप्न मोठ्या प्रमाणावर साकार झालें तें पूर्व जर्मनींत. पोलादाचा पत्रा मिळत नाहीं म्हणून झ्विकाऊ येथील कारखान्यानें सोव्हिएट कापसाचा टाकाऊ पिंजा फिनॉलच्या राळेंत दाबून मोटारीचें अंग केलें. इ.स. १९५७ पासून १९९१ पर्यंत ट्राबांट नांवाच्या या मोटारी तीस लक्षांवर निघाल्या. अंग गंजत नसे. जर्मनी एक झाल्यावर लोकांनीं त्या टाकून दिल्या, व तेव्हां खरी अडचण कळली. पोलाद असतें तर वितळविलें असतें; हें द्रव्य वितळत नाहीं, कुजत नाहीं, आणि जाळावें तर धूर वाईट. कापूस हा तर तंतूंमध्यें शुद्धांत शुद्ध. पण तो अशा कवचांत बसला होता कीं, तेथें ना ओल पोंचत ना जंतु. आरंभीं आम्हीं ज्यास अर्धें खरें म्हटलें त्या विधानास याहून चांगलें उत्तर सांपडणार नाहीं. वेरूळच्या भिंतींतील भांग मातींत आहे, म्हणून पाणी लागलें तर आजहि माती होईल. ट्राबांटमधील कापूस फिनॉलमध्यें आहे, म्हणून होणार नाहीं.

वनस्पतितंतु मध्यंतरीं मागें कां पडला, याचें कारण थोडक्यांत देतां येतें. इ.स. १९३८ मध्यें अमेरिकेंत ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी स्थापन झाल्यावर कांचेचा तंतु मुबलक मिळूं लागला. तो सर्वत्र एकसारखा; जवसाचा तंतु शेत, हंगाम व कुजविण्याची रीत यांप्रमाणें बदलणारा. जवस पाणी शोषतो व फुगतो, आणि सुमारें २०० अंशांवर करपूं लागतो. कांचेपुढें त्याचा एक गुण मात्र निर्विवाद आहे. त्याचें विशिष्टगुरुत्व दीडच्या आसपास, तर कांचेचें अडीचच्या वर. युरोपीय संघानें इ.स. २००० मध्यें जुन्या मोटारींच्या विल्हेवाटीची जबाबदारी कारखानदारांवर टाकली, तेव्हां या हलकेपणास विल्हेवाटीच्या सोयीची जोड मिळून जवस परत आला. इ.स. २०१९ मध्यें पोर्शे कंपनीनें शर्यतीच्या एका मोटारीचीं दारें व मागील पंख जवस-भांगेच्या तंतूचे केले. फ्रान्सचा उत्तर किनारा आज जगांतील बहुतेक तंतुजवस पिकवितो; आपल्याकडील लिननच्या गिरण्याहि बहुतांशीं तेथून व बेल्जमहून माल आणवितात.

बंधकाचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला आहे. जंतूंच्या शरीरांत सांपडणारें पीएचबी हें द्रव्य पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील मॉरिस लेमॉइन यानें इ.स. १९२६ मध्येंच ओळखलें होतें. दुग्धाम्लापासून होणाऱ्या पीएलएवर कॅरॉदर्सनें १९३२ मध्यें काम केलें. मक्यापासून तें मोठ्या प्रमाणावर करणारा कारखाना नेब्रास्कांतील ब्लेअर येथें २००२ मध्यें सुरू झाला. यांत बसविलेला जवस खरोखर कुजूं शकतो. तथापि पीएलए कुजण्यास साठ अंशांच्या आसपासची ऊब व ओल असलेला खताचा कारखाना लागतो. थंड मातींत तें वर्षानुवर्षें पडून राहतें. बाजारांतील पुष्कळ जवसी वस्तूंत तर बंधक अद्याप खनिज तेलाचाच आहे. अशा वस्तूस जैवविघटनशील म्हणणें म्हणजे ट्राबांटला कापूस म्हणण्यासारखें आहे.

शेवटीं एक विनंती. पुणें, सातारा, वाई, नाशिक, पैठण इत्यादि ठिकाणचे जुने वाडे दरवर्षीं पडत आहेत. त्यांच्या चुन्यांत गूळ, बेलफळ, उडीद घातल्याचें सर्व सांगतात. तंतु कोणता घातला, हें कोणी पाहत नाहीं. त्याच दोन संशोधकांनीं देवगिरीच्या किल्ल्यावरील गिलाव्यांतहि भांगेचा उपयोग झाल्याचें म्हटलें आहे. तेव्हां यादवकाळानंतर ही रीत कोठवर चालली व ताग-अंबाडीनें तिची जागा केव्हां घेतली, हें ठरविण्यास तारखेचे नमुने हवेत. संरक्षित वास्तूंस हात लावण्याचें कारण नाहीं. परंतु खाजगी वाडा मालकाच्या इच्छेनें उतरविला जात असेल, तर ढिगारा गाडींत भरण्यापूर्वी तळहाताएवढा गिलाव्याचा तुकडा मालकाच्या संमतीनें कोरड्या कागदांत गुंडाळून ठेवावा; त्यावर गांव, वाडा, मजला, भिंत आंतली कीं बाहेरची, आणि बांधणीचा शक कागदपत्रांवरून ठाऊक असल्यास तो लिहावा. तुकडा धुवूं नये, व कसर लागूं नये म्हणून त्यावर कोणतेंहि औषध शिंपडूं नये. तपासणींत तें तंतूबरोबर दिसतें.